उणे १७२९

एफ.वाय.ला असलेलं गणित सुटलं आणि एस.वाय.ला माझ्याकडे फिजिक्स आणि केमिस्ट्री एवढेच विषय उरले. 'तिनाचे दोन झाले, आता मजा आहे तुझी,' असं सीनियर म्हणायचे. त्यांच्यातल्या एकानेही हे दोन विषय एकत्र घेतलेले नव्हते. दोन्हींना प्रॅक्टिकल, दोन्हींना जर्नल, आणि तिसऱ्या सेमिस्टरला इकडे ऑरगॅनिक तर तिकडे थर्मोडायनॅमिक्स.

दिवसाचे दोन सारखे वाटे करा, असा सल्ला सगळेच देतात. मला तो कधी पटला नाही. ऑरगॅनिकला थोडाच वेळ लागतो, पण रोज लागतो. आठवडाभर हात लावला नाही की कुठला बाण कुठून निघून कुठे पोचतो ते डोक्यातून पुसलं जातं. फिजिक्सला सलग बैठक हवी. एन्ट्रॉपीच्या गणितात शिरेपर्यंतच अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात आतून 'दूध बघ गं' अशी हाक आली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. म्हणून ऑरगॅनिक मी बदलापूर लोकलला देऊन टाकलं आणि फिजिक्सला रविवारची सकाळ.

लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धं टेकायचं, मांडीवर बॅग, बॅगेवर वही. हायड्रॉक्साइड मागच्या बाजूने येतो, ब्रोमाइड पुढून निघून जातो आणि उरलेला रेणू वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारखा पालटतो. छत्री पुस्तकातलीच, जुलैत दादरच्या पुलावर ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एकदा शेजारी गवार मोडत बसलेल्या काकूंनी वहीत डोकावून विचारलं, "अगं, हे बाण सारखे कुणाकडे चाललेत?"

"इलेक्ट्रॉन जातात, काकू. ज्याच्याकडे जास्त आहेत त्याच्याकडून ज्याला कमी आहेत त्याच्याकडे."

"बरंय बाई. आमच्याकडे उलटं असतं."

गुरुवार सर्वांत लांब. सकाळी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये केरोसीनमधून काढलेला सोडियमचा तुकडा फिल्टर पेपरवर टिपायचा, अज्ञात पदार्थाबरोबर छोट्या नळीत लालभडक तापवायचा आणि नळी तशीच डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायची. तड्‌ आवाज होऊन ती फुटते, फुटायलाच हवी. दुपारी फिजिक्सच्या डार्करूममध्ये पुन्हा सोडियमच, पण दिव्यातला. तो आधी तांबूस पेटतो आणि सावकाश पिवळा होतो. त्या उजेडात न्यूटनची वलयं मोजायची, आणि मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेने फिरवत न्यायचा. मध्येच मागे वळवलात तर आट्यांमधल्या ढिलाईमुळे रीडिंग बिघडतं. सकाळी सगळी घाई, दुपारी घाईला मज्जाव. एवढं करून रात्री दोन जर्नलं, आणि त्यांच्यात शिकण्यासारखं काही नसतं, नुसती हातमोड.

पण माझी खरी पंचाईत झाली ती दोन्ही विषय एकमेकांना भेटतात तिथे. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम दोन्हीकडे होता. फिजिक्सच्या वहीत लिहिलेलं: दिलेली उष्णता म्हणजे अंतर्गत ऊर्जेतली वाढ अधिक वायूने केलेलं कार्य. केमिस्ट्रीच्या वहीत: अंतर्गत ऊर्जेतली वाढ म्हणजे दिलेली उष्णता अधिक वायूवर झालेलं कार्य. नियम एकच, फक्त कार्याचं चिन्ह उलटं. एक मोल आदर्श वायू, तापमान ३०० केल्विनवर कायम, रिव्हर्सिबल पद्धतीने आकारमान दुप्पट होऊ द्यायचं. कार्य किती? सुमारे १७२९ ज्यूल. (हार्डींच्या टॅक्सीचा नंबर, ज्यात रामानुजनना दोन घनांची बेरीज दोन तऱ्हांनी दिसली होती. इथे तो निव्वळ योगायोगाने येतो, पण मला फार आवडतो.) फिजिक्सच्या पेपरात हे उत्तर अधिक, केमिस्ट्रीच्या पेपरात उणे.

मी दोन्हीकडे जाऊन विचारलं. फिजिक्सचे सर म्हणाले, "केमिस्ट्रीवाले हिशेब उलटा ठेवतात." केमिस्ट्रीच्या मॅडम हसल्या. "त्यांना अजून इंजिनच दिसतं." मॅडमचं बोलणं मला जास्त उपयोगी पडलं. कार्नोने १८२४ साली लिहिलं ते वाफेच्या इंजिनांचा विचार करतच. इंजिनाकडून आपल्याला जे मिळालं ते जमा, म्हणून अधिक. केमिस्ट्री चंचुपात्रातल्या पदार्थाच्या बाजूने खातं लिहिते. त्याने कार्य केलं तर ते त्याच्या खात्यातून गेलं, म्हणून उणे. तेव्हापासून सूत्र लिहिण्याआधी मी समासात 'खातं कुणाचं?' असं लिहायला लागले. पेपर तपासणाऱ्यांना त्याचं काय वाटलं असेल कोण जाणे. चिन्हावरून मात्र मार्क कापले गेले नाहीत.

टी.वाय.ला दोहोंतला एकच विषय ठेवायचा होता. मार्क केमिस्ट्रीत जास्त, त्यामुळे घरी सगळ्यांनी तेच गृहीत धरलेलं. मी फॉर्मवर फिजिक्स लिहिलं.

"मग वर्षभर गाडीत एवढे कागद रंगवलेस ते?" बाबांनी विचारलं.

ते मी एफ.वाय.च्या एका मुलीला आधीच देऊन टाकले होते. तिला चौथी सीटसुद्धा मिळत नाही, ती कल्याणला चढते.