मरणाऱ्या गावाचं तिकीट

इटली म्हटलं की आपली लिस्ट ठरलेली असते. रोमचं कलोसियम, पिसाचा कललेला मनोरा, व्हेनिसचा गोंडोला आणि मिलानचं शॉपिंग! आठ दिवसांत जमेल तेवढं उरकायचं, परत आल्यावर ऑफिसात फोटो दाखवायचे. पण मंडळी, या धावपळीतला एक दिवस वाचवा आणि रोमच्या उत्तरेला असलेल्या ‘चिविता दी बान्योरेजो’ या गावाला द्या. नावाने जिभेची कसरत होते, म्हणून सगळे नुसतं चिविता म्हणतात.

शेजारच्या बान्योरेजोतल्या सज्जावरून चिविता पहिल्यांदा दिसतं तेव्हा बोलणंच थांबतं. खोल, उजाड दरी. दरीच्या मधोमध एकच सुळका आणि त्याच्या माथ्यावर दगडी घरांचा पुंजका. आत जायला पायी चालायचा एकच लांब, अरुंद पूल, 1965 साली बांधलेला. शेवटचा चढ दम काढतो. पर्यटकांच्या गाड्यांना इथे अर्थातच नो एंट्री! गावकऱ्यांचं सामान छोट्या गाड्यांवरून वर येतं. छोट्या गाड्यांत इटलीचा हात कोण धरणार? आपल्या रस्त्यांवरची ‘आपे’ रिक्षाही मूळची तिथलीच. इटालियनमध्ये ‘आपे’ म्हणजे मधमाशी, आणि आपल्यासाठी ती बनते थेट बारामतीत!

पायाखालची माती

हे गाव वसवलं इट्रुस्कन लोकांनी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. म्हणजे रोमन साम्राज्याच्याही आधी. वरचा खडक ज्वालामुखीच्या राखेचा, कोरायला सोपा. म्हणून खाली गुहा, तळघरं, वाइनची कोठारं. पण या खडकाखाली आहे चिकणमाती. पाऊस आणि ओढे ती धुऊन नेतात, आधार गेला की वरच्या खडकाला तडे जातात आणि कडा ढासळते. कड्याबरोबर घरंही!

1695 च्या भूकंपाने तर कंबरडंच मोडलं. बरेच लोक बान्योरेजोत राहायला गेले आणि एकेकाळचं मुख्य गाव मागे पडलं. तेराव्या शतकातले मोठे तत्त्वज्ञ सेंट बोनाव्हेंचर इथलेच. त्यांचं घर कुठे म्हणून विचाराल तर ते कधीच दरीत गेलं, असं सांगतात. वेशीतून आत शिरल्यावर एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत दिसते. वर खिडक्या आहेत, पण खिडकीपलीकडे खोली नाही, निळं आकाश आहे. सिनेमाचा सेटच जणू. फरक एवढाच की यातली पडझड खरी आहे.

याच परिसरात जन्मलेल्या बोनाव्हेंतुरा टेक्की या लेखकाने चिविताला ‘मरणारं गाव’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

मरणाचं मार्केटिंग

आता खरी गंमत. ज्या नावाने गावाची कीव यायची, त्याच नावाने गाव फेमस झालं. 2013 मध्ये पालिकेने चक्क गावात शिरायला तिकीट लावलं, दीड युरो. पुढे ते पाच युरोंवर गेलं. गर्दी कमी होईल असं वाटलं असेल तर छे! वर्षाला लाखो लोक येऊ लागले. त्या पैशातून बान्योरेजोच्या रहिवाशांचे स्थानिक करही माफ झाले. जे गाव आता संपणार असं सगळे म्हणत होते, त्याने शेजाऱ्यांचे टॅक्स भरले. आहे की नाही कमाल?

दुपारी सान दोनातो चर्चसमोरच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. निखाऱ्यावर भाजलेला पाव, वर लसूण आणि ऑलिव्ह ऑइल, म्हणजे ब्रुस्केटा, खात मी पायरीवर बसले. दर दोन मिनिटांनी कोणीतरी ‘जरा फोटो काढता का’ म्हणून विचारत होतं. मग ऊन उतरलं. पर्यटक पुलावरून परतले, त्यांच्या मागोमाग दुकानवालेही खाली घरी गेले. कारण बारा महिने इथे मुक्काम करणारे उरलेत जेमतेम दहा-बारा जण. जिरेनियमच्या कुंड्या, दोन मांजरं, एका खिडकीत दिवा. बास.

तेव्हा जाणवलं, गावाला माती जेवढी पोखरते तेवढंच माणसांचं निघून जाणंही पोखरतं. तरुण मंडळी नोकरीसाठी शहरात गेली, तुमच्या-माझ्यासारखीच. तिकिटाच्या पैशातून कडा सावरता येईल, पूल दुरुस्त होईल. पण सकाळी शेजाऱ्याकडे दूध मागायला जाणारं माणूस तिकीट काढून येत नाही. म्हणून चिविताला जाल तेव्हा एक रात्र तिथेच राहा. फोटोतलं गाव दिवसा दिसतं, खरं गाव दिवेलागणीनंतर.

जाल तर...

रोमहून ट्रेनने ऑर्व्हिएतो, तिथून बसने बान्योरेजो, मग पायी. रविवारी जाणार असाल तर बसचं टाइमटेबल आधीच बघा. हिल्सना सुट्टी, स्पोर्ट्स शूज मस्ट! पालाझ्झो अलेमान्नीतलं भूस्खलनाचं म्युझियम चुकवू नका, खडकाला धरून ठेवण्याची धडपड तिथे नीट कळते. आणि जूनचा पहिला किंवा सप्टेंबरचा दुसरा रविवार साधलात तर चौकात गाढवांची शर्यत बघायला मिळेल. त्या दिवशी चिविता मरणारं गाव आहे, यावर तुमचा मुळीच विश्वास बसणार नाही.