किक नसलेली चेतक

नांदुऱ्यात पन्नाशी ओलांडलेल्या माणसासमोर चेतकचा विषय काढायचा असेल, तर हातातली कामं आधी उरकून घ्यावीत. हायवेला हनुमानाच्या १०५ फुटी मूर्तीच्या आसपास चहाच्या ज्या टपऱ्या आहेत, त्यांतल्या एकीसमोर विजेवर चालणारी नवी चेतक उभी राहिली की चहा दोनदा सांगावा लागतो. पहिल्या चहात गाडीभोवती चकरा होतात, टायर दाबून पाहिले जातात, पत्र्यावर बोटाने टिचकी मारून ‘पत्राच हाय’ अशी खात्री केली जाते. दुसऱ्या चहाला वाद सुरू होतो.

“हे चेतक नोय भाऊ. नाव देलं म्हनून काय कोनी बी घोडा होते का?”

“तुमच्या घोड्याले दहा लाता हानल्याबिगर तो हालत नव्हता काका. हिले लात माराच लागत नाही. येवढाच फरक हाय.”

काकांच्या बाजूला जुने स्कूटरवाले, पोराच्या बाजूला ज्यांनी जुनी चेतक फक्त आजोबांच्या लग्नाच्या अल्बममध्ये पाहिली ते. मी वयाने काकांच्या बाजूचा, पण मला दोन्ही बाजूंचं ऐकायला आवडतं. कारण काकांच्या रागात पुष्कळ खरं आहे आणि थोडी लबाडीही आहे.

आधी खरं. बजाजने १९६० पासून इटलीच्या पियाज्जिओच्या परवान्यावर स्कूटर बनवल्या. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीहून जी गाडी स्वतःच्या नावाने निघाली, ती चेतक. बांधा सगळा व्हेस्पाचा, नाव मात्र महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. तिचीच बहीण शोभेल अशी प्रिया साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून यायची. परवाना राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे कारखानदार ठरवत नसे, सरकार ठरवायचं. मागणी डोंगराएवढी आणि उत्पादन ठरवून दिल्याएवढं. त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. परदेशात नातेवाईक असेल आणि त्याने डॉलरमध्ये पैसे भरले तर गाडी लवकर मिळायची. आमच्याकडे कापूस, तूर आणि मास्तरकीचा पगार होता, डॉलरवाला मामा कुणाला नव्हता. त्यामुळे नंबर लागल्याचं पत्र आलं की आधी पेढे वाटले जायचे, आणि गाडी दारात यायच्या आत तिच्यावर ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, देऊन उचलायला तयार असलेला माणूस दारात यायचा.

आमच्या घरी चेतक आली ती अशीच, वडिलांच्या मास्तरकीवर. पहिले काही महिने ती रात्री बैठकीच्या खोलीत झोपायची, आम्ही ओसरीत. सकाळचा विधी ठरलेला. आधी सीटखालचा पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, मग स्कूटर एका अंगावर कलती करायची, जणू तिच्या कानात गेलेलं पाणी काढतो आहोत. मग उभी करून किक. चौथ्या-पाचव्या किकला निळसर धूर आणि पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा वास सगळ्या गल्लीभर. ही कलती करण्याची गरज खरोखर होती की आम्हाला ती सवय होती, यावर टपरीवर आजही दोन गट आहेत. आमच्या मिस्त्रीचं मत होतं की चोक नीट असेल तर काही गरज नाही. पण मिस्त्री स्वतःही कलती करूनच चालू करायचा.

चालू नाही झाली तर प्लग. साइडचं कव्हर काढून प्लगपान्याने प्लग बाहेर काढायचा, त्याचं तोंड काळं आणि ओलं असणार हे ठरलेलं, ते पॉलिशपेपरने घासायचं, गॅप डोळ्याने मापायचा. हे काम नववी-दहावीतल्या कुठल्याही पोराला यायचं. डिकीत एक जास्तीचा प्लग आणि क्लचची एक वायर असल्याशिवाय वडील गावाबाहेर पडत नसत. टायर पंक्चर झाला तरी कुणाची वाट पाहायची नाही. पुढचं, मागचं आणि स्टेपनी, तिन्ही चाकं एकाच मापाची, दहा इंची. नट सोडले, चाक बदललं, निघाले.

पावसाळ्यात मात्र ही सगळी हुशारी मातीत जायची. पूर्णाकाठची काळी माती म्हणजे नुसता चिखल नव्हे, ती मडगार्ड आणि चाकाच्या मधे भरून बसते आणि चाकच फिरू देत नाही. जळगाव जामोदच्या रस्त्याला येरळीच्या पुलावर पूर्णेचं पाणी चढलं की अलीकडेच थांबायचं. तेवढ्या वेळात काडीने मडगार्डखालची माती खरवडायची, दुसरा उद्योग नाही. बुलढाण्याला जायचं तर मोताळ्याच्या पुढे राजूर घाट. पुढे उभा मी, मागे आई, तिच्या मांडीवर बहीण, पिशवीत डबा. घाटाच्या एका वळणावर वडील न बोलता गाडी थांबवायचे आणि आई न बोलता उतरायची. साडेसात अश्वशक्तीचं इंजिन ते, आमच्या कुटुंबाएवढं ओझं ओढायला त्याला कुणी सांगितलं होतं?

आणि सायलेन्सर जाळणं. हे नव्या पोरांना सांगितलं तर त्यांना थट्टा वाटते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याचा काजळीसारखा थर सायलेन्सरमध्ये साचत जातो आणि गाडी दम टाकू लागते. मग मिस्त्री सायलेन्सर खोलून दुकानामागे नेई, त्यात आग लावे, लाल होईपर्यंत तापू देई, आणि हातोडीने वरून ठोकत राही. आतून काळे पापुद्रे खाली गळून पडायचे. त्यानंतर दोन-तीन दिवस गाडी इतकी मोकळी पळायची की वडील विनाकारण खामगावला जाऊन येत.

हे सगळं काका सांगतात तेव्हा मान हलते. लबाडी येते ती पुढे. काका असं बोलतात, जणू चेतक कुणी आपल्या हातून हिसकावून नेली. प्रत्यक्षात आम्हीच ती विकली, आणि खुशीने. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली तेव्हा हेच काका कॉलेजात होते आणि वडिलांच्या चेतकवर बसायची त्यांना लाज वाटायची. १९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘हमारा बजाज’ची जाहिरात लागली, सगळं घर बघत बसायचं, पण पोरांच्या मनात बाइक होती. मग १९९४ मध्ये हिरो होंडाची स्प्लेंडर आली. फोर-स्ट्रोक, ऑइल मिसळायची भानगड नाही, आणि एका लिटरमध्ये चेतक जेवढी जायची त्याच्या कितीतरी पुढे. हिशोब करणाऱ्या माणसाला एवढं पुरे होतं. दूधवाले, एजंट, मास्तर, सगळे बाइकवर गेले. वडिलांनीही चेतक विकली, आणि ज्याने घेतली त्याने तिला मागे लोखंडी कॅरिअर लावून कुल्फीची पेटी बसवली. एकही काका तेव्हा रडला नाही.

रडू आलं असेल तर ते बजाजच्याच घरात. २००६च्या सुमारास चेतक बंद झाली. २००९च्या डिसेंबरात राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करून फक्त मोटरसायकलवर लक्ष द्यायचं जाहीर केलं, तेव्हा त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटलं, दुःख झालं, असं उघडपणे बोलून दाखवलं. कंपनीचा अध्यक्ष आणि कंपनी चालवणारा मुलगा यांच्यातला मतभेद वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि तोही एका स्कूटरवरून, असं आपल्याकडे क्वचितच घडलं असेल. धंद्याच्या हिशोबाने मुलगा बरोबर होता की नाही यावर अजूनही वाद घालता येतो. कारण पुढे गिअर नसलेल्या स्कूटरनीच बाजार व्यापला, आणि त्या विकल्या दुसऱ्यांनी.

मग दहा वर्षांनी त्याच कंपनीतून तेच नाव परत आलं. १६ ऑक्टोबर २०१९ ला दिल्लीत गाडी दाखवली आणि २०२० मध्ये संक्रांतीच्या सुमारास ती बाजारात आणली, आधी फक्त पुणे आणि बंगळूरला. किंमत एक लाख आणि एक लाख पंधरा हजार. फेब्रुवारी २०२२ मध्ये राहुल बजाज गेले. त्याच वर्षी १० जूनला, त्यांच्या जयंतीला, आकुर्डीत या विजेच्या चेतकसाठी नवा कारखाना सुरू झाला. बापलेकांचा वाद तिथे मिटला की नाही ते त्यांच्या घरचं. आमच्या टपरीवरचा मात्र तेव्हा सुरू व्हायचा होता.

काकांचा मुख्य आक्षेप आवाजाचा. आवाज नाही, धूर नाही, मग ती चेतक कशाची? असाच गळा अमेरिकेतही काढला गेला. तिकडे डॉज कंपनीची चार्जर ही १९६६ची दणकट गाडी, मोठं इंजिन आणि छातीत घुमणारा आवाज हीच तिची ओळख. २०२४ मध्ये ती विजेवर आणली तेव्हा कंपनीने स्पीकर लावून इंजिनासारखा आवाज काढायची सोय केली. जुने चाहते आणखीच चिडले, आणि पुढे ती गाडी पेट्रोलच्या सहा सिलिंडरच्या इंजिनातही आली. चेतकवाल्यांनी असलं सोंग केलं नाही, हे मला आवडलं. तिने जुनी गोल नजर ठेवली, पत्र्याची अंगकाठी ठेवली, समोरच्या दिव्याभोवती घोड्याच्या नालेचा आकार दिला, आणि फटफट आवाजाची नक्कल करायच्या भानगडीत पडली नाही. उलट चढावर उभी करून मागे घ्यायची असेल तर रिव्हर्सची सोय दिली. जुनीला दोन माणसं मागे ओढायची.

माझा आक्षेप वेगळा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या मॉडेलमध्ये बॅटरी पायाखाली गेली, सीटखाली ३५ लिटरची जागा झाली, एका चार्जिंगमध्ये दीडशे किलोमीटरचा दावा आहे. बुलढाण्याला जाऊन परत यायला एवढं पुरे. पण ती बंद पडली तर नांदुऱ्यातला कुठलाही मिस्त्री तिला हात लावत नाही. तो पुढे येतो, बघतो, हात मागे घेतो. ज्याने आयुष्यभर पिस्टन-रिंग बदलल्या, ब्लॉक बोअर करून आणले, त्याच्यासमोर आता एक बंद डबा आहे आणि त्यात शिरायला लॅपटॉप लागतो. जुनी चेतक गावाची झाली होती ती आवाजामुळे नाही. ती कुणालाही खोलता येत होती आणि कुणालाही जोडता येत होती, म्हणून झाली होती. रस्त्यात बंद पडली की ओळख नसलेला माणूस थांबायचा आणि आधी विचारायचा, “प्लग पायला का?” आता बंद पडली तर मालक फोन लावतो आणि टेम्पोची वाट बघतो.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण काका ती सांगत नाहीत. जुनी चेतक आमच्या घरी कधी आईने चालवली नाही. गिअर डाव्या हातात, वजन शंभर किलोच्या वर आणि तेही सगळं उजवीकडे, वर साडी. बहिणीनेही चालवली नाही. ‘हमारा’ असलेल्या त्या गाडीवर घरातल्या निम्म्या माणसांनी फक्त मागे आडवं बसायचं होतं. आता गावात नवी चेतक चालवणाऱ्यांमध्ये मला शाळेतल्या बाई दिसतात, बँकेतल्या मॅडम दिसतात, मार्केटमधून भाजी घेऊन येणारी वहिनी दिसते. त्यांना जुन्या चेतकचा इतिहास सांगायला गेलं तर त्या ऐकून घेतात आणि हेल्मेट घालून निघून जातात. त्या वादात नाहीतच.

टपरीवर मात्र वाद चालूच राहतो. बॅटरी गेल्यावर किती पैसे लागतील, पुरात येरळीला अडकली तर काय, उन्हाळ्यात लाइट गेली तर चार्जिंग कुठे, असे प्रश्न निघतात, आणि पोरं मोबाइलवर उत्तरं शोधून दाखवतात. काका मोबाइलकडे बघत नाहीत. दोन्ही बाजूंचं एकमत होतं ते एकाच मुद्द्यावर, आणि त्या मुद्द्यावर १९८० मध्येही सगळ्या गावाचं एकमतच होतं.

“पन साल्यानं किंमत लय ठेवली ना बे.”