डबा निम्मा परत आला तर

नातीच्या पाळणाघरात दुपारी जेवणं झाली की पडदे ओढले जातात. मग सगळ्यांनी झोपायचं. तिथला एक चार वर्षांचा मुलगा मात्र टक्क डोळ्यांनी छताकडे बघत पडलेला असे. शेवटी मावशींनीच त्याला विचारलं, "झोप येत नाही ना? मग काय करशील?" तो म्हणाला, "भाजी निवडीन." तेव्हापासून मटार सोलायचं खातं त्याच्याकडे. निम्मे दाणे त्याच्याच पोटात जातात, ते सोडा.

एवढ्याशा पोराला काय विचारायचं, हा आपल्याकडचा सूर. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलाला त्याच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क देतं. भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. जर्मनीत २०१२ पासून पाळणाघराचा परवाना हवा असेल तर मुलांच्या सहभागाची आणि तक्रारीची सोय दाखवावी लागते. आपल्याकडे २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा मिळाली. आईच्या फेऱ्या मोजल्या गेल्या. मुलाला काय हवं, हे विचारायचं राहिलं.

आणि विचारणं म्हणजे तोंडी परीक्षा नव्हे. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. मुलांच्या न येण्यातला कौल त्यांना कळला होता. दीड वर्षाचं मूल चमचा ढकलतं, ठरावीक माणसाने उचललं की अंग ताठ करतं, तेही मतच.

मात्र दूध नकोच म्हणणाऱ्याला "लाल कप की निळा?" विचारणं ही शुद्ध लबाडी. औषध द्यायचंच असेल, फाटक बंदच ठेवायचं असेल, तर विचारूच नये. विचारलं तर ऐकावं.

मावशींना बोल लावणं सोपं आहे. एकट्या बाईपुढे डझनभर मुलं असली की प्रत्येकाची मर्जी कुठून सांभाळणार? शिवाय संध्याकाळी आपले प्रश्न ठरलेले: डबा संपवला? झोपला होता? उत्तर "हो" यावं म्हणून दिवसभर भरवलं जातं, थोपटलं जातं. डबा निम्मा परत आला तरी चालेल, एवढं आपण सकाळीच सांगितलं तर मावशींचाही चमचा जरा थांबेल.