शेन्झेनचं जुनं नाव एका किल्ल्यात

शेन्झेन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मोबाईल, चार्जर आणि काचेचे टॉवर्स! कामानिमित्त तिथे वरचेवर जाणाऱ्या मित्राने मला आधीच सांगून टाकलं होतं, ‘बघण्यासारखं काही नाही गं, सगळं १९८० नंतरचं.’ पण या शहराचं लाडकं नाव आहे ‘पेंगचेंग’. त्यातला ‘पेंग’ आला दापेंग नावाच्या किल्ल्यावरून, आणि तो किल्ला १३९४ सालचा आहे. म्हटलं, जाऊन तर बघू.

बसने तास-दीड तास पूर्वेकडे. सिंधुदुर्ग, जंजिरा बघून मोठे झालेलो आपण, त्यामुळे लाटा फोडणारे बुरूज शोधत बसतो. इथे तसलं काही नाही! मागे डोंगर, पुढे खाडी आणि मध्ये भिंतीने वेढलेलं एक अख्खं गाव. भिंतही बरीचशी गेलीय. पूर्व, पश्चिम आणि दक्षिण असे तीन दरवाजे मात्र अजून ठणठणीत आहेत. जाडजूड कमानीखालून आत शिरलं की भर उन्हातही एकदम गार वाटतं. पुढे दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर आपण भिंतीला चिकटायचं.

हे सगळं मिंग राजवटीने उभारलं ते समुद्री चाच्यांसाठी. त्यांना जपानी म्हणायचे, पण नंतर नंतर त्यात चिनीच जास्त होते. इथे ठेवलेले सैनिक बायकामुलांसकट आले. शेती करायची, पहारा द्यायचा आणि बापानंतर मुलाने तीच नोकरी धरायची. ट्रान्सफर नाही, रिझाइन नाही! ठिकठिकाणांहून आलेल्या या लोकांच्या बोलींची मिळून एक खिचडी झाली. तिला ‘सैन्याची बोली’ म्हणतात आणि इथली म्हातारी माणसं ती अजून बोलतात.

गावातलं सगळ्यात देखणं घर म्हणजे सेनापती लाय एन्ज्युए यांचा वाडा, १८४४ चा. हो, वाडाच म्हणायला हवं. करड्या विटा, चौकामागून चौक, दारावर मानाची पाटी. ४ सप्टेंबर १८३९ ला कौलूनच्या समुद्रात ब्रिटिशांशी चकमक झाली, तेव्हा चिनी जहाजांचे प्रमुख हेच होते. निमित्त काय, तर ब्रिटिश जहाजांना अन्नपाणी मिळू न देणं. जिंकल्याचा दावा दोन्ही बाजूंनी केला. पण अफूच्या युद्धातली पहिली ठिणगी ती.

अफू! वाड्यात उभं राहून हा शब्द वाचला आणि जरा गडबडायला झालं. कारण त्या काळात माळव्यातली अफू चीनला निघायची ती आपल्याच मुंबई बंदरातून. जमशेटजी जीजीभॉयांनी चीनच्या व्यापारात जे कमावलं, त्यात अफूही होती. आणि आपण जे.जे.च्या कॅम्पसवर कौतुकाने फोटो काढतो! म्हणजे या घरातल्या माणसाने जे थोपवायचा प्रयत्न केला, त्याचं एक टोक माझ्या रोजच्या लोकलच्या वाटेवर निघालं.

बाहेर आले तर गल्लीत कॅफे, गेस्टहाऊस, सेल्फीवाली गर्दी. बरीच मूळ घराणी केव्हाच फ्लॅटमध्ये राहायला गेलीत. दक्षिण दरवाजापाशी एक आजी पाटीत सुके मासे मांडून बसल्या होत्या. भाव विचारला, त्या काहीतरी बोलल्या. माझ्या फोनवरच्या ट्रान्सलेटरला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. आजींनी हसून बोटांवर आकडा दाखवला आणि दोन मासे फुकट टाकले.