छतावरची फुलं

जळगावहून नेरी, पहूर करत फर्दापूरला उतरलो. जळगाव जिल्ह्याची हद्द इथे संपते, पण अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर नदी खाली खानदेशात जाऊन तापीला मिळते. जळगावकर तिच्याच धरणाचं पाणी पितात.

पहिल्या लेण्यात गर्दी पद्मपाणीपुढे थांबते. मी छत बघत राहिलो. चौकटीचौकटींत कमळं, फळं, वळणं घेत गेलेले देठ. एका कळीचं टोक गेरूच्या एकाच फटकाऱ्यात उचललंय. शेजारचा रंग उडालाय, तिथे भुसा कालवलेली माती उघडी पडलीय. या छतातलं एक फळ काहींना सीताफळ वाटतं. या डोंगरांत सीताफळं मुबलक, पण ते झाड अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर आलं असं मानतात आणि चित्रं तर पाचव्या शतकातली. मला तरी ते चित्रकाराच्या मनातलंच फळ वाटतं.

ही फुलं एकदा नकलांच्या रूपात लंडनला गेली. तिथल्या चित्रकारांकडून चित्रं उतरवून घ्यायची ही रीत त्याआधीही होती. चहाचा तपासनीस जॉन रीव्ह्ज १८१२ साली चीनमध्ये कॅन्टनला गेला आणि पुढे चिनी चित्रकारांकडून झाडाफुलांची जलरंगचित्रं काढून घेऊ लागला. पुण्याजवळ दापोडीच्या बागेत अलेक्झांडर गिब्सननेही १८४७ पासून एका चित्रकाराला याच कामाला लावलं. त्या चित्रकाराचं नाव उरलं नाही, याची खंत वाटते. अजिंठ्यात निदान नकला करणाऱ्या पेस्तनजी बोमनजींचं नाव टिकलं. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून हिवाळ्या-हिवाळ्यात त्यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत. या मुंबईच्या पोरांनी भिंतींबरोबर छतांच्याही नकला तैलरंगात उतरवल्या, तेही लेण्यातल्या अपुऱ्या उजेडात. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ रंगांवर वॉर्निश फासलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं, त्याची किंमत भिंती अजून मोजताहेत.

नकलांचंही नशीब खडतर. ग्रिफिथ्सच्या आधी मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल १८७९ साली वारला, त्याची कबर भुसावळला आहे. ग्रिफिथ्सच्या चमूच्याही कितीतरी नकला लंडनमध्येच १८८५ च्या आगीत जळाल्या. वाचलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. इथे झडून गेलेली एखादी पाकळी तिथल्या कॅनव्हासवर शाबूत सापडू शकते.

या वाचलेल्या नकलांच्या मोठ्या छापील प्रती जळगाव-धुळ्यात कायमच्या लावायला हव्यात. तोवर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर छताच्या नकला आधी बघा, मग लेण्यात शिरा. आत फ्लॅश चालत नाही, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं.