सावित्रीच्या पाण्यातलं चंद्राचं घड्याळ

दासगाव,
कार्तिक शुद्ध अष्टमी

चि. भाचीस,

‘समुद्र एवढा लांब, मग दासगावचं पाणी वर-खाली का होतं?’ हा तुझा प्रश्न फार मोलाचा आहे. सावित्री बाणकोट-हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते, पण भरती खाडीतून आत शिरते आणि दासगावच्याही पुढे चढते. म्हणून तर डोंगरांच्या कुशीतलं हे गाव एकेकाळी बंदर होतं.

या पाण्याला ओढणारा चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. जवळ असलेलं पाणी तो पृथ्वीच्या केंद्रापेक्षा थोडं जास्त ओढतो, तर पलीकडच्या बाजूचं थोडं कमी. त्यामुळे दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो. फिरती पृथ्वी किनाऱ्याला या दोन्ही फुगवट्यांखालून नेते, म्हणून दिवसाला दोन भरत्या. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी ५० मिनिटं लागतात आणि भरती रोज तेवढी उशिरा येते.

कोकणातले दर्यावर्दी हे गणित बोटांवर करतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट, म्हणजे बारानंतर भरतीला लागणारे तास. अष्टमीला समुद्रकाठी भरती सहाच्या सुमारास, खाडीत वर त्यानंतर.

सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा मोठी भरती, म्हणजे उधाण. अष्टमीला ती काटकोनात येते, तेव्हा लहान भरती, म्हणजे भांग. काठावरच्या चिखलात रोवलेल्या बांबूवर आज पाणी जेमतेम मधल्या पेऱ्यापर्यंत आलं. त्याच्या वर गेल्या उधाणाची वाळलेली गाळाची रेघ अजून दिसते.

हेच गणित एका जुन्या दिवसाला लावून बघ. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या परिषदेसाठी बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि पुढे पायी महाडला गेले. आदल्याच दिवशी अमावास्या होती. पाऊणपटीने मोजलं तर त्या दिवशी समुद्रकाठची भरती साडेबारा ते दीडच्या दरम्यान येते. म्हणजे सकाळभर खाडीत पाणी चढत होतं, तेही उधाणाचं. त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचं दहन झालं.

हेच उधाण पावसाळ्यात घातक ठरतं. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं, ते अतिवृष्टीने. पण गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर होती. अशा वेळी नदीचं पाणी खाली धावतं, समोरून भरती चढते आणि पुराला वाट लवकर मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात इथल्या घरांत पंचांग आणि हवामानाचा इशारा दोन्ही पाहायला हवेत.

त्रिपुरी पौर्णिमेला ये. येताना वही आण. बांबूवर आजची खूण चुन्याने केली आहे. उधाणाची खूण तुझ्या हाताने कर आणि मधलं अंतर मोज.

तुझा,
मामा