वही एकाची, आवाज दुसऱ्याचा

पुणे

चि. सोहम,


तुझं नवं गाणं ऐकलं. दुसरं कडवं झकास आहे. ते निनादनं लिहिलंय, असं ताई फोनवर म्हणाली. व्हिडिओखाली मात्र एकट्या तुझंच नाव. म्हणून ‘रॅपर्स डिलाइट’ची गोष्ट सांगतो. गाण्याचं नाव तुम्हा पोरांना पाठ असतं, कुळकथा नसते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ पासून मैदानात, हॉलमध्ये स्पीकर लावून पार्ट्या रंगायच्या आणि त्यातूनच रॅप वाढला. रात्र सरली की सगळं हवेत. फार तर कुणाच्या कॅसेटवर उरायचं. त्याची रेकॉर्ड खपेल असं शेजारच्या न्यू जर्सीतल्या सिल्विया रॉबिन्सनला वाटलं. बाई स्वतः गायिका आणि रेकॉर्ड कंपनीची मालकीण. एंगलवूडच्या पिझ्झाच्या दुकानात कॅसेटसोबत रॅप करत राबणारा बिग बँक हँक तिला सापडला, आणखी दोघे मिळाले आणि ‘रॅपर्स डिलाइट’ म्हणणारी ‘शुगरहिल गँग’ उभी राहिली.

गाण्याला शब्द हवे होते, म्हणून हँक गेला ब्राँक्सचा रॅपर ग्रँडमास्टर कॅझकडे. कॅझ सांगतो, मी वही पुढे टाकली आणि हवं ते घे म्हटलं. कॅझनं आपलं जुनं टोपणनाव, कॅसानोव्हा फ्लाय, एकेक अक्षर सुटं करत ओळीत गुंफलं होतं. हँकनं तेही जसंच्या तसं म्हटलं! सालोमालोनं तुकोबांचे अभंग ढापताना निदान ‘तुका म्हणे’ काढून स्वतःचं नाव घातलं, अशी कथा आहे. इथे मूळ धन्याची मुद्रा रेकॉर्डवर शाबूत राहिली.

त्याच रेकॉर्डवर दुसरीही उचलेगिरी आहे. शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’मधली बेसची चाल वादकांकडून वाजवून घेतली, लांब आवृत्तीत ती चौदा मिनिटांहून जास्त चालते. शीकच्या नाइल रॉजर्सनं क्लबमध्ये हे ऐकलं, बँडमधला जोडीदार बर्नार्ड एडवर्ड्सला घेऊन कोर्टाची भाषा केली आणि दोघांची नावं श्रेयनामावलीत लागली. ‘गुड टाइम्स’ त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. मालक कोण, हे जगजाहीर होतं. कॅझचे शब्द वहीत होते. चालीला वकील मिळाला, शब्दांना नाही. कॅझच्या पदरात ना श्रेय पडलं ना पैसा.

म्हणून गाणं टाकाऊ ठरत नाही. १९७९ च्या सप्टेंबरात आलेली ही रेकॉर्ड बिलबोर्डच्या मुख्य यादीत ३६ व्या क्रमांकापर्यंत गेली, ब्रिटनमध्ये तिसऱ्या. जाणकारांनी नाकं मुरडली, पण रॅपला बाजार आहे हे कंपन्यांना कळलं ते हिच्यामुळेच. ब्राँक्सच्या पार्ट्या गाजवणारी ग्रँडमास्टर फ्लॅशची मंडळीही पुढे सिल्वियाच्याच कंपनीत आली. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०११ च्या जतनयादीत हिला जागा दिली. हँकच्या म्हणण्यातली मजा खरी होती, त्यानं लोकांना नाचवलं. पण लोकांच्या लक्षात राहतो तो आवाज. वहीवाल्याची आठवण दुसऱ्या कुणीतरी मुद्दाम ठेवावी लागते, आणि ते काम पहिल्यांदा गाणाऱ्याचं असतं.

निनाद तुझा जिगरी दोस्त, तो काही बोलणार नाही. कॅझनंही वही दोस्तीखात्यातच दिली होती. तेव्हा आजच त्याचं नाव घाल, आणि पुढच्या गाण्याआधी कोणी काय लिहिलं ते कागदावर उतरवून दोघं सह्या करा. गाणं चाललं की हिशेबाला दहा तोंडं फुटतात. सध्या तुझं गाणं दोनशे जणांनीच ऐकलंय, तोवर मोठेपणा फुकट आहे.

तुझा,
मामा